कवीच्या घरातून आलेली पुस्तकं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण दलित पँथरच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोललो. त्यात ओघाने 'गोलपिठा' आला, आणि मी नामदेव ढसाळांच्या कवितेबद्दल जरा भरभरून बोलले. त्यावर आपल्या एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही मलिका अमर शेख यांचं पुस्तक वाचलेलं दिसत नाही. आणि वाचलं असेल, तर मग त्या माणसाच्या कवितेचं कौतुक तोंडातून निघतं तरी कसं?

वाचलंय, ताई. दोन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत, इथे इंदिरानगरच्या घरात एकाच कप्प्यात. पण 'वाचलंय' एवढं म्हणून तुमचा प्रश्न संपत नाही, म्हणून आजचा सगळा भाग त्यावरच.

हा प्रश्न आपल्याकडे हल्ली बाहेरून आल्यासारखा येतो. एखादा हॉलिवूडचा दिग्दर्शक, एखादा चित्रकार, २०१८ सालचं 'मी टू'. मग आपण वाद घालतो की कलाकृती वेगळी आणि माणूस वेगळा, की दोन्ही एकच. जणू मराठीला हे सगळं नवीन आहे. माझं म्हणणं असं, की मराठीत या प्रश्नाचे कागद चांगले नव्वद वर्षांचे आहेत. फक्त ते समीक्षकांनी लिहिलेले नाहीत, कवी-लेखकांच्या बायकांनी लिहिलेत. आणि आपण त्यांना 'स्त्रियांची आत्मचरित्रं' अशा वेगळ्या खणात ठेवून दिल्यामुळे हा वाद चालू असताना ती कुणाला आठवत नाहीत.

आधी ढसाळ, कारण विचारलंय त्यांच्याबद्दल.

'गोलपिठा' आला १९७२ साली, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे. पुणे जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरचं हे पोरगं मुंबईत वाढलं, टॅक्सी चालवली, आणि कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या त्याने मराठी कवितेत अशा आणल्या की त्याआधीची शहरी कविता एकदम दिवाणखान्यातली वाटायला लागली. त्या कवितेत वेश्यावस्तीतली बाई दयेचा विषय म्हणून येत नाही. भूक, रोग, गिऱ्हाईक, दलाल हे सगळं अंगावर घेऊन ती येते, आणि कवी तिच्या बाजूला उभा असतो. शिवीसकट उभा असतो. आपल्या नाशिकच्या विहितगावचे बाबुराव बागूल यांनी १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहून कथेत जे दार उघडलं होतं, ते कवितेत ढसाळांनी चौकटीसकट काढून टाकलं, असं मला वाटतं.

मलिका या शाहीर अमर शेख यांच्या कन्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजावर मैदानं भरायची ते अमर शेख. घर कम्युनिस्ट, घरात गाणं, नाच, कविता. वडील १९६९ मध्ये अपघातात गेले तेव्हा मलिका बारा वर्षांच्या होत्या. पुढे अगदी कोवळ्या वयात त्या ढसाळांच्या प्रेमात पडल्या आणि लग्न झालं. 'वाळूचा प्रियकर' हा त्यांचा स्वतःचा कवितासंग्रह १९७९ सालचा. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

१९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. मलिका तेव्हा सत्तावीसच्या आसपास. त्यात त्यांनी लिहिलंय ते असं: मारहाण, दारू, घरात पैशाचा पत्ता नाही, कार्यकर्त्यांची सतत वर्दळ, दुसऱ्या बायका, नवऱ्याकडून आपल्याला लागलेला गुप्तरोग, मुलाच्या ताब्यावरून झालेली ओढाताण. हे सगळं त्या रडून सांगत नाहीत. स्वतःवर, नवऱ्यावर, चळवळीवर, सगळ्यांवर एक विचित्र हसू ठेवून सांगतात. ते वाचताना जास्त त्रास होतो.

आता १९८४ म्हणजे काय काळ होता ते बघा. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेला. गडचिरोली भागातल्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात पोलीस सुटले, आणि त्यातून देशभर स्त्रियांची चळवळ उभी राहिली. 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ च्या सुमाराला गावोगाव होत होतं. आणि नवऱ्याकडून होणारा छळ हा गुन्हा ठरवणारं भारतीय दंडविधानाचं ४९८-अ कलम १९८३ च्या डिसेंबरात आलं. म्हणजे घरात मार खाणं हा कायद्याने गुन्हा झाला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. तोपर्यंत कवीच्या घरात काय चालतं याला भाषेत शब्द होते, 'लहरी', 'कलंदर', 'अवलिया'. कायद्यात शब्द नव्हता.

आता श्रोत्या ताईंचा मुद्दा. कविता वेगळी, माणूस वेगळा, असं म्हणून सुटता येईल का? माझ्या मते ढसाळांच्या बाबतीत तर अजिबात नाही. एखाद्या कवीने नुसती पावसावर कविता केली असती तर कदाचित म्हणता आलं असतं, की बुवा, पावसाचं आणि घरातल्या भांडणाचं काय देणंघेणं. इथे कवितेचा विषयच बाईचं शरीर आहे, तिच्यावर होणारी जबरदस्ती आहे, तिला लागणारे रोग आहेत. आणि घरातून आलेल्या पुस्तकाचाही विषय तोच आहे! एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार म्हणा. एक गल्लीतून बोलतोय, एक घरातून. मलिकाबाईंचं पुस्तक वाचल्यावर 'गोलपिठा' परत उघडला की त्यातली बाई थोडी बदललेली असते. म्हणजे कविता खोटी पडत नाही. ती बाई अजून तिथेच आहे आणि कवीने तिला अजूनही खरंच पाहिलेलं आहे. पण आता तिच्या मागे आणखी एक बाई उभी दिसते, कवितेत जागा न मिळालेली.

अस्वस्थ करणारी गोष्ट आहे ती. आणि मला वाटतं, ती तशी अस्वस्थ राहू द्यावी. वेगळं करण्याची सगळी धडपड ही अस्वस्थता घालवण्यासाठीच चालते. 'कविता महान' म्हणणाराही तिच्यातून सुटतो, 'माणूस नालायक, पुस्तक नको' म्हणणाराही सुटतो.

आता जरा अवघड भाग. (मागून कुकरची शिट्टी ऐकू येईल, शेजारचा आहे, त्याला इलाज नाही.)

मलिकाबाईंचं पुस्तक कोणी कसं वाचलं, हाही इतिहास आहे. काहींना त्यात एका बाईची गोष्ट दिसली. पण काही वाचकांना त्यात दुसरंच मिळालं, 'बघा, हे असतात चळवळीतले लोक' असं म्हणायची सोय. ढसाळांच्या घरातला हिंसाचार वाचून ज्यांनी अख्ख्या दलित कवितेला नाकं मुरडली, त्यांच्या घरातल्या थोर कवींबद्दल ते तसं म्हणत नव्हते. तिथे लगेच कला वेगळी व्हायची. वेगळं करायचा हा चाकू सगळ्यांसाठी सारखा चालत नाही. वरच्या जातीतल्या कवीचं वागणं हा 'स्वभाव', आणि दलित कवीचं वागणं हा 'समाज'. त्या बाईंनी हे लिहिलं तेव्हा त्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. घरातला माणूस आणि बाहेरचे टपलेले लोक, दोन्हीकडून मार बसणार हे माहीत असताना लिहिलेलं हे पुस्तक आहे.

आणि दुसरी बाजूही आहे. ढसाळांवर त्यांच्याच लोकांचा राग झाला तो मुख्यतः राजकारणावरून. पँथर १९७४ मध्ये फुटली, आणीबाणीत त्यांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली, पुढे शिवसेनेच्या जवळ गेले. यावर किती लिहिलं गेलं! 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' मधल्या गोष्टींवर त्या मानाने किती? १९९९ मध्ये पद्मश्री मिळाली, २००४ मध्ये साहित्य अकादमीने सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव दिला. त्यांच्या बाहेरच्या निष्ठा तपासल्या गेल्या, घर तपासायला कुणी गेलं नाही.

आता मागे जाऊ. आपल्याच गावाकडे.

गंगापूर रोडने गोदावरीच्या काठाकाठाने गेलात तर जलालपूर लागतं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तिथला, १८६८ चा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणजे कोकणातला मुलगा, आई गेल्यावर पोरवयात कल्याणहून पायी नाशकात आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. लग्न १८८० चं. पुढे 'फुलांमुलांचे कवी' झाले, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाले, तेही बायकोला विश्वासात न घेता. पुढची पाच वर्षं दोघं वेगळी.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आली. टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. हे पुस्तक आपण शाळेत 'विनोदी, सात्त्विक' म्हणून वाचतो, धडा म्हणून. पण नीट वाचा. टिळकांचा संताप, अचानक घर सोडून जाणं, हातातले पैसे वाटून टाकणं, संसाराचा सगळा भार बायकोवर टाकून मोकळं होणं, सगळं आहे. ढसाळांच्या पुस्तकाशी याची बरोबरी करत नाहीये हं मी, मापं फार वेगळी आहेत. पण पद्धत बघा. लक्ष्मीबाई नवऱ्याला देव करत नाहीत आणि राक्षसही करत नाहीत. त्यांना तो कवी म्हणून मोठा वाटतो आणि त्याच पानावर त्याचा रागही येतो. बालकवी त्यांच्या नगरच्या घरी राहायला होते, तेव्हा थोर कवी घरात असला की स्वयंपाकघरात काय होतं हे या बाईंना दोनदा माहीत!

आणि मग 'ख्रिस्तायन'. टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलं, पहिले दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. राहिलेले साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने त्याचं महाकाव्य पुरं केलं, त्याने लिहिलं त्याच्या पाच-सहापट लिहून. आता सांगा, इथे कला कुणापासून वेगळी करायची?

इथे माझा मूळ मुद्दा येतो. कला आणि कलावंत वेगळे करायचे का, हा प्रश्न विचारताना आपण तागडीच्या एका पारड्यात त्याची कला टाकतो आणि दुसऱ्यात तिचं दुःख. म्हणजे तिच्याकडे फक्त दुःख आहे असं आधीच धरून चालतो. पण या घरांत दोन लिहिणारी माणसं होती! मलिकाबाईंचा संग्रह १९७९ चा, म्हणून म्हटलं होतं तारीख लक्षात ठेवा. त्या पुस्तक लिहिण्याआधीपासून कवी होत्या. एकाची कविता वाचवायची की नाही हा वाद आपण घालतो तेव्हा दुसरीच्या न लिहिल्या गेलेल्या कवितांचा हिशेब कुठेच नसतो. मारहाणीच्या, आजारपणाच्या, पैशांच्या चिंतेच्या वर्षांत काय लिहायचं राहिलं, ते कुठल्या सूचीत सापडणार?

हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्सवाज जिलो ही स्वतः चित्रकार. पिकासोबरोबरच्या आयुष्यावर तिने १९६४ मध्ये पुस्तक काढलं, तर पिकासोने ते थांबवायला कोर्टात धाव घेतली आणि तो हरला. टॉलस्टॉयच्या कादंबरीच्या नकला हाताने उतरवून देणारी सोफिया रोज डायरी लिहीत होती. पण मराठीत अशी पुस्तकं एकामागून एक येत राहिली.

मधली एक कडी पटकन सांगते. माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन. मराठीत गझल रुजवणारा, फारसी-मराठी कोश करणारा, 'छंदोरचना' लिहिणारा माणूस. रविकिरण मंडळातला. याच मंडळातल्या कवी गिरीशांचे चिरंजीव म्हणजे आपले वसंत कानेटकर, नाशकात एच. पी. टी. कॉलेजात शिकवायचे. तर ज्यूलियन फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवत असताना एका विद्यार्थिनीशी जोडलेल्या प्रेमप्रकरणावरून १९२० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात गदारोळ झाला आणि त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. १९२८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात जागा मिळाली. १९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. म्हणजे शिक्षा झाली ती नोकरीला, कवितेला नाही, आणि तीही दहा-बारा वर्षांत पुसली गेली. त्या विद्यार्थिनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. शंभर वर्षं ते फक्त कवीच्या चरित्रातलं प्रकरण म्हणूनच घेतलं गेलंय. १९३९ मध्ये ज्यूलियन गेले आणि १९४५ मध्ये लीलाबाई पटवर्धनांचं 'आमची अकरा वर्षे' आलं. नावातच बघा, 'त्यांची' नाही, 'माझी' नाही, 'आमची'. आज ते मिळवून वाचणं कठीण झालंय. कवीच्या आयुष्यावरचं सगळ्यात जवळचं पुस्तक, आणि शोधावं लागतं.

मग १९९०. सुनीताबाई देशपांडे, 'आहे मनोहर तरी'. इथे गैरवर्तन असा शब्दसुद्धा वापरता येणार नाही. पु. लं.नी कुणाला मारलं नाही, फसवलं नाही. सुनीताबाईंनी एवढंच सांगितलं, की महाराष्ट्राचा लाडका माणूस घरात आत्ममग्न होता, आणि व्यवहाराचं, घराचं, त्याच्या यशाचं सगळं ओझं आपण वाहिलं. ही बाई बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली, रंगमंचावर उत्तम काम करणारी, कविता तोंडपाठ असणारी. तरी लोक चिडले. कुणावर? तिच्यावर! आमच्या पु. लं.बद्दल असं लिहिलंच कसं म्हणून. मला हे प्रकरण यासाठी महत्त्वाचं वाटतं, की 'कला वेगळी, माणूस वेगळा' असं म्हणणारे आपण खरंतर ते कधी करतच नाही हे इथे उघडं पडलं. लाडका लेखक आपल्याला माणूस म्हणूनही हवा असतो, घरच्यासारखा, आणि खऱ्या घरातल्या माणसाने काही सांगितलं की आपल्याला आपलंच काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. वेगळं करायची आठवण फक्त आरोप आला की होते.

बरं, मग वाचायचं का? श्रोत्या ताईंना सरळ उत्तर देते. मी वाचते. 'गोलपिठा' वर बोलताना यापुढे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' चं नाव त्याच दमात घेईन, तळटीप म्हणून नाही. मी कॉलेजात शिकवत असते तर दोन्ही पुस्तकं एकाच पेपरला लावली असती. आणि एखादी वाचक म्हणाली की मला हे पुस्तक वाचून त्या माणसाची कविता हातात घेववत नाही, तर तिला रसिकतेचे धडे द्यायला मी जाणार नाही. तिने कदाचित ते घर आतून पाहिलेलं असेल. महाराष्ट्रात अशी घरं कमी नाहीत आणि सगळ्यांत काही कवी राहत नाहीत.

हयात माणसांचं गणित मात्र वेगळं, हे सांगायलाच हवं. ज्याच्याकडून आजही कुणाला धोका आहे, त्याला व्यासपीठ देणं, मुलींच्या कार्यशाळेवर पाठवणं, पुरस्कार समितीवर बसवणं हा रसग्रहणाचा प्रश्नच नाही. तिथे कलेची ढाल पुढे करू नये. गेलेल्या माणसाचं पुस्तक कुणाला मारत नाही, पण खुर्चीवर बसलेला माणूस मारू शकतो.

मलिकाबाईंच्या पुस्तकाबद्दल एक गोष्ट राहिली. ती दोघं १९८४ नंतर कायमची वेगळी झाली असतील असं बऱ्याच वाचकांना वाटतं. तसं झालं नाही. ढसाळांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार होता, शेवटी कॅन्सर झाला, १५ जानेवारी २०१४ ला ते गेले. तोवर त्या त्यांच्या आयुष्यात होत्याच. त्यांनी पुस्तक मागे घेतलं नाही आणि माणूसही सोडला नाही. याचा अर्थ क्षमा असा लावू नका, आणि हतबलता असाही लावू नका, कारण दोन्ही आपण बाहेरून लावतोय. जेरी पिंटोंनी २०१६ मध्ये त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा ते मूळ प्रकाशनानंतर तीस-बत्तीस वर्षांनी मराठीबाहेर गेलं. ढसाळांची कविता त्याच्या कितीतरी आधी इंग्रजीत पोचली होती.

पुढच्या भागात आपण सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जाणार आहोत, वामनदादा कर्डकांच्या गावी. 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर तोवर परत काढा, फक्त या वेळी शाळेतला धडा सोडून पहिल्या पानापासून. भेटू.